सावलीचा लेप

ऊन लागतं दुपारी आणि कळतं संध्याकाळी. दुपारी अंगाला फक्त कढत वारा, घाम आणि हातातल्या कामाची घाई जाणवत असते. घरी येऊन हातपाय धुतले, कपडे बदलले, दिवेलागण झाली की मग मानेवर, खांद्यावर, कोपरापासून मनगटापर्यंत काहीतरी जागं होऊ लागतं. आधी नुसती ऊब. मग ताण. मग सदऱ्याची कॉलर टोचते, पदराची किनार टोचते, आणि रात्री कुशीवर वळताना चादरीचा धागा न् धागा वेगळा जाणवतो. सूर्य केव्हाच मावळलेला असतो. त्याने दिलेलं दुखणं आत्ता कुठे उगवत असतं.

या उशिरामुळेच उन्हाने भाजणं मला इतर भाजण्यांहून वेगळं वाटतं. तव्याला बोट लागलं तर बोट स्वतःच मागे येतं. ऊन मात्र तसा इशारा देत नाही, कारण जे भाजतं ते डोळ्यांना दिसत नाही आणि स्पर्शालाही कळत नाही. १८०१ मध्ये जर्मनीतल्या येना शहरात योहान विल्हेल्म रिटर या तरुण संशोधकाने लोलकातून उजेडाचे रंग वेगळे केले आणि सिल्व्हर क्लोराइड लावलेला कागद त्यांच्यासमोर धरला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं, तिथे तो सर्वांत लवकर काळवंडला. अतिनील किरणांचा माग माणसाला लागला तो असा. त्यांतल्या २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींना यूव्ही-बी म्हणतात. त्या कातडीच्या वरच्या थरात शिरतात आणि पेशींच्या केंद्रकातल्या डीएनएला इजा करतात. त्या साखळीतले शेजारचे दोन घटक भलत्या जागी एकमेकांना चिकटतात. पेशी हा बिघाड दुरुस्त करू पाहते. जिला ते जमत नाही ती स्वतःला संपवते. बिघडलेला मजकूर पुढच्या पेशीला मिळू नये म्हणून. आसपास रासायनिक निरोप जातात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त धावून येतं. लाली, ऊब, सूज ही सगळी त्या धावपळीची खूण. ती दिसू लागायला तीन-चार तास जातात आणि दुखणं शिगेला पोचायला बारा ते चोवीस.

हे समजल्यापासून कुणाच्या भाजलेल्या खांद्यावर हात ठेवताना माझा हात आपोआप हलका होतो. तिथे आत मोठी दुरुस्ती चाललेली असते. ती कातडीची कातडीच करते. आपण तिला गारवा द्यायचा, पाणी द्यायचं, आणि मुख्य म्हणजे तिच्या आड यायचं नाही. उन्हाने भाजलेल्या माणसाची शुश्रूषा म्हणजे बहुतांशी हेच.

माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यातलं. तिकडचा उन्हाळा फेब्रुवारीच्या अखेरीलाच उंबऱ्यात येऊन बसतो. मे महिन्यात गच्चीवर कुरडया, सांडगे, ज्वारीचे पापड यांची वाळवणं पडत, आणि ती घालायला, उलटायला, पाखरांपासून राखायला घरातल्या बायका भर उन्हात वर-खाली करत. धान्याला, डाळीला, गाद्यांना, लोणच्याच्या फोडींना जे ऊन हवं असे तेच माणसाच्या मानेला बाधे. त्या उन्हाबद्दल घरात कुणाच्या मनात राग नव्हता. रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालायचं, बाळाला सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं, आणि माध्यान्हीच्या उन्हाला मान देऊन घरात बसायचं, असा तो व्यवहार होता.

मला भाजलं की आजी पहिल्यांदा विहिरीचं पाणी काढायची. फ्रीज शेजारच्या घरी होता, बर्फ मागून आणता आला असता, पण ती आणू देत नसे. "बर्फ नगं पोरी, कातडी कच्ची हाय," म्हणायची. मऊ झालेल्या जुन्या धोतराचा तुकडा त्या पाण्यात बुडवायचा, हलका पिळायचा आणि मानेवर नुसता ठेवायचा. तो ऊबदार झाला की उचलायचा, पुन्हा बुडवायचा, पुन्हा ठेवायचा. घासणं नाही, दाबणं नाही. आजचे त्वचारोगतज्ज्ञही याहून वेगळं सांगत नाहीत. गार, पण बर्फाळ नाही अशा पाण्याच्या पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून अनेकदा. किंवा साध्या गार पाण्याने अंघोळ, साबणाशिवाय. मग टॉवेलने न पुसता पाणी नुसतं टिपून घ्यायचं आणि अंग ओलसर असतानाच सुवासाविना असलेलं साधं मॉइश्चरायझर हलक्या हाताने लावायचं, म्हणजे तो ओलावा कातडीत टिकतो. बर्फ थेट लावला तर दुखावलेल्या कातडीला दुसरी इजा होते. आजीचं 'कच्ची' हे किती नेमकं होतं, ते मला फार पुढे समजलं.

याच्या जोडीला पोटातून पाणी. भाजलेल्या भागाकडे रक्त आणि पाणी ओढलं जातं, शरीर कोरडं पडतं, डोकं जड होतं. माठातलं पाणी, मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक, कैरीचं पन्हं, कोकणात कोकमाचं सरबत, सोलापूरकडे ज्वारीची आंबील. ज्या घरात जे असेल ते घोट घोट प्यावं. अंगावर सैल, जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कपडा असावा. ठणका फार असेल तर वेदना आणि सूज कमी करणारी साधी गोळी चालते, पण ती रिकाम्या पोटी घेऊ नये, आणि आधीपासून काही आजार किंवा औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. औषधाच्या दुकानातलं गुलाबी कॅलामाइन लोशनही उपयोगी पडतं. त्याचा गुलाबी रंग झिंक ऑक्साइडमध्ये मिसळलेल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. त्यातलं पाणी उडून जाताना कातडी गार होते आणि खाज काही वेळ निवते.

कोरफडीचा मान आपल्याकडे मोठा आहे, आणि तो मला पटतो, पण तिचीही एक रीत आहे. पात कापली की सालीलगत पिवळा चीक सुटतो. तो कातडीला झोंबतो, म्हणून पात थोडा वेळ उभी ठेवून तो निथळू द्यायचा, धुवायचा, आणि मग आतला स्वच्छ गर तेवढा घ्यायचा. तो गर बरं होण्याचा वेग वाढवतो असा दावा मी करणार नाही. गारवा मात्र तो देतोच, आणि रात्री अडीच वाजता गारवा ही फार मोठी गोष्ट असते. चंदन सहाणेवर उगाळून लावायचं तर पातळ लावावं आणि वाळून कातडी ओढायच्या आत पाण्याने सोडवावं. मुलतानी माती आणि बेसन मात्र या दिवसांत दूरच ठेवावं. ती दोन्ही वाळताना ताणतात आणि काढताना घासतात.

सर्वांत जास्त भीती मला लिंबाची वाटते. 'उन्हाने काळं पडलं, लिंबू चोळ' हा सल्ला महाराष्ट्रातल्या घराघरांत ऐकू येतो, आणि तो देणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण लिंबाच्या रसात, आणि त्याहूनही सालीत, अशी द्रव्यं असतात जी कातडीवर असताना ऊन पडलं तर तीच भाजतात. फोड येतात, आणि फोड गेल्यावर उरलेले काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. आधीच पोळलेल्या अंगावर आम्लाची आग आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात जाणं, एवढं त्या कातडीला सोसवत नाही. टूथपेस्टचंही तसंच. तिचा गारवा पुदिन्याचा असतो. कातडीला मिळते ती चुणचुण.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आतली आग निवाली की, आजीचं धुतलेलं तूप बाहेर येई. पहिल्या दिवशी ती ते लावत नसे. तापलेल्या अंगावर स्निग्ध थर दिला तर ऊब आतच कोंडते, हे तिला ठाऊक होतं. आयुर्वेदात त्याला शतधौत घृत म्हणतात. ते करताना पाहणं हा माझ्या लहानपणीचा मोठा आनंद होता. तांब्याच्या परातीत गाईचं रवाळ तूप घ्यायचं, त्यावर गार पाणी घालायचं आणि तांब्याच्या गडव्याच्या बुडाने ते गोल गोल फिरवत राहायचं. पाणी गढूळ झालं की परात तिरकी करून ओतून टाकायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. मोजणीसाठी आजी शंभर चिंचोके एका सुपात ठेवी आणि दर धुण्याला एक चिंचोका दुसरीकडे टाकायचं काम माझ्याकडे असे. विसाव्या धुण्यापर्यंत तूप हट्टी राहतं, गोळा होऊन पाण्यापासून पळतं. मग हळूहळू ते पाणी धरू लागतं. पिवळेपणा उतरतो, वास उतरतो, रवा मोडतो. शेवटी परातीत जे उरतं ते पांढरंशुभ्र, लोण्याहून मऊ आणि बोटाला गार असतं. तुपाच्या कणांमध्ये पाण्याचे बारीक थेंब अडकून राहिलेले असतात, म्हणून ते कातडीवर तेलकट न बसता पसरतं. उघड्या फोडावर आणि सोललेल्या ओल्या जागेवर आजी ते कधी लावत नसे, आणि कुणीही लावू नये. पण कोरडी, ताणलेली, आता सुटू पाहणारी कातडी त्याने खरोखर निवते.

आज बाजारात त्याहून सोपी आणि स्वच्छ मलमं मिळतात, आणि ती जरूर वापरावीत. तरीही त्या शंभर धुण्यांतलं काहीतरी मला मलमाहून मोठं वाटतं. कुणाच्या तरी दुखऱ्या मानेसाठी एक बाई अख्खी दुपार परात फिरवत बसते, आणि नात चिंचोके मोजते. दुखणं छोटं असतं, आठवड्यात बरं होणारं असतं. तरी त्याला वेळ दिला जातो. कातडीच्या दुखण्याला औषधाइतकाच हा वेळ लागतो.

चौथ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास पापुद्रे सुटू लागतात. स्वतःला संपवलेल्या त्या पेशी आता थराने निघून जात असतात. बोटं नकळत तिथे जातात. एखादं टोक धरून ओढावंसं वाटतं. ते ओढू नये. जे सुटलं आहे ते आपोआप पडेल, आणि जे धरून आहे त्याच्याखालची नवी कातडी अजून उघड्यावर यायला तयार नसते. फोड आला तर तोही फोडू नये. आतल्या पाण्यावरचं ते पातळ आवरण म्हणजे शरीराने स्वतःच बांधलेली पट्टी. फोड मोठ्या भागावर पसरले, ताप-थंडी आली, उलट्या होऊ लागल्या, माणूस भ्रमल्यासारखं बोलू लागला, किंवा भाजलेलं मूल वर्षाच्या आतलं असेल, तर घरचे सगळे उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. काही औषधं कातडीला उन्हापुढे हळवी करतात. डॉक्सिसायक्लीनसारखं नेहमी दिलं जाणारं प्रतिजैविक त्यांतलंच. म्हणून नवी गोळी सुरू करताना 'ऊन चालेल का?' हा प्रश्न विचारायला शिकावं.

आपल्याकडे या सगळ्याच्या आधी एक अडचण असते: भाजलं आहे हे दिसतच नाही. १९७५ मध्ये हार्वर्डचे त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी कातडी उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून तिचे प्रकार मांडले. ते मुळात गोऱ्या कातडीचे होते. तपकिरी आणि काळ्या कातडीचे प्रकार त्यात नंतर जोडले गेले. पुस्तकांतली उन्हाने भाजलेल्या अंगाची चित्रं लाल टोमॅटोरंगी असतात, आणि ती पाहून आपण आपल्या सावळ्या हाताकडे बघतो आणि म्हणतो, मला काही झालं नाही. सावळ्या अंगावर लाली झाकली जाते. दिसतो तो थोडा गडदपणा, थोडी चमक, आणि बाकी सगळं कळतं ते हाताला. तळहाताची मागची बाजू मानेजवळ न्यावी. शेजारच्या झाकलेल्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते का पाहावं. हलकं दाबल्यावर माणूस अंग आक्रसतो का पाहावं. आपल्या लोकांची ही जखम डोळ्यांनी शोधायची नाही, स्पर्शाने शोधायची. म्हणून आपल्याकडे ती ओळखायला जवळचं माणूस लागतं.

सावळ्या रंगाला निसर्गाने मोठी देणगी दिली आहे, आणि ती कळल्यावर मला माझ्या हाताचा रंग अधिक आवडू लागला. मेलॅनिन हे रंगद्रव्य बारीक कणांच्या रूपाने कातडीच्या पेशींत जातं. तिथे ते इकडेतिकडे विखरून राहत नाही. केंद्रकाच्या वरच्या, उन्हाकडच्या बाजूला ते गोळा होतं आणि तिथे प्रत्येक पेशीत एक छत्री उघडते. डीएनए त्या छत्रीखाली राहतं. उन्हात गेल्यावर अंग काळवंडतं, ते या छत्र्या वाढवण्यासाठी. पण ही छत्री पुरती नसते. गडद कातडीही भाजते, फक्त उशिरा भाजते. आणि जिथे छत्रीच नाही तिथे जीव उघडा पडतो. कोड असलेल्या माणसाच्या पांढऱ्या डागांना ऊन किती लवकर चावतं, हे त्याच्या घरच्यांना विचारावं. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या मुलांना शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला उभं करताना शिक्षकांनी त्यांना सावलीची रांग द्यावी, एवढी जाण आपल्याला असायला हवी.

इथे मला आपल्या एका जुन्या सवयीबद्दल बोलायचं आहे, आणि ते कळकळीने बोलायचं आहे. आपण मुलींना उन्हापासून जपतो, पण बहुधा कातडीसाठी जपत नाही, रंगासाठी जपतो. 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' हे वाक्य ऐकत कितीतरी मुली वाढल्या. त्या वाक्यात तिच्या मानेच्या आगीला जागा नाही, फक्त स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या नजरेला आहे. म्हणून ऊन लागलं की पहिला शोध थंडाव्याचा होत नाही, रंग उतरवण्याचा होतो. लिंबू, ब्लीच, खरबरीत उटणं, हे सगळं त्या घाईतून येतं, आणि दुखावलेल्या कातडीला पुन्हा दुखावतं. 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातला गोरेपणा २०२० मध्ये गेला आणि ते 'ग्लो अँड लव्हली' झालं; घरातल्या बोलण्यातून तो जायला आणखी वेळ लागेल. मुलीला टोपी द्यावी, पूर्ण बाह्यांचा सदरा द्यावा, आणि सोबत असंही सांगावं की तुझ्या अंगाची आग होऊ नये म्हणून हे देते आहे. मुलालाही तेवढ्याच मायेने द्यावं. क्रिकेट खेळून आलेल्या मुलाची मान कुणी सहसा तपासत नाही.

भाजण्याचा संबंध आपण तापमानाशी जोडतो, आणि त्यात फसगत होते. पारा कितीही असो, यूव्ही किरण आपलं काम करत असतात. उंची दर हजार मीटरने वाढली की ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतला ऐंशी टक्क्यांपर्यंतचा भाग वर परतवतो. पुण्या-मुंबईहून हिमालयात चालायला गेलेली मुलं गारठून परततात आणि त्यांच्या नाकपुड्यांची खालची बाजू, हनुवटीची खालची बाजू सोललेली असते, ती यामुळे. ऊन तिथे खालूनही येतं. समुद्रात पोहणाऱ्याला गार वाटतं, पण अर्धा मीटर खोल पाण्यातही पृष्ठभागावरच्या चाळीस टक्के यूव्ही पोचते. पातळ ढगांतूनही ती बरीचशी खाली उतरते. अंगाला ओल्या पांढऱ्या पातळ सुती कपड्याचा गारवा मिळतो, पण ओला झाला की तो किरण अधिक आत सोडतो; घट्ट विणीचा, कोरडा, थोडा गडद कपडा अधिक राखतो. ऐन उन्हाळ्यात डोक्यावरून घोंगडी घेऊन मेंढरांमागे चालणारा धनगर पाहिला की शहरातल्या माणसाला घाम फुटतो, पण त्या दाट लोकरीतून ऊन आत येत नाही.

सर्वांत सोपं मोजमाप पायाशी पडलेलं असतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की यूव्ही तीव्र आहे असं समजावं. सोलापुरात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास एक दिवस असा येतो की माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. शून्य सावलीचा तो दिवस महाराष्ट्रात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. शाळेतली मुलं तो कौतुकाने पाहतात, पाहावाच. पण त्याच वेळी किरणांना हवेतून सर्वांत आखूड वाट मिळालेली असते, हेही त्यांना सांगावं. कॅनडाने १९९२ मध्ये सुरू केलेला आणि पुढे जगभर स्वीकारला गेलेला यूव्ही निर्देशांक आता फोनवर हवामानासोबत दिसतो. तीनपासून पुढे अंग झाकायला सुरुवात करावी. अकरा आणि त्याच्या पुढे तो अतितीव्र समजला जातो. सनस्क्रीन लावायचं तर भरपूर लावावं आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावं. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन यूव्ही-बीचा सुमारे ९७ टक्के भाग अडवतं, पण बोटाच्या टोकाएवढं क्रीम अख्ख्या चेहऱ्याला, मानेला आणि हातांना पुरवलं तर तो हिशेब उरत नाही.

ही सगळी काळजी आधीच घ्यायची, कारण निववणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे. लाली जाते, ठणका जातो, नवी कातडी येते. पण काही पेशी बिघाड घेऊनच जगतात, आणि वर्षानुवर्षं तो साठत राहतो. अकाली सुरकुत्या, जाड झालेली मान, गोऱ्या कातडीच्या देशांत मोठ्या प्रमाणावर दिसणारे त्वचेचे कर्करोग, हे सगळं त्या साठ्यातून येतं. म्हणून रात्री लावलेला लेप हा उपचाराचा अर्धा भाग असतो. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो: ती कातडी पुन्हा उन्हात न नेणं. ज्याला घरी बसता येतं, त्याला हे सोपं आहे.

ज्याला येत नाही, त्याचं काय? माझ्या मनात हा प्रश्न सारखा येतो. आजी १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगायची. लाखो माणसं तेव्हा सरकारी कामांवर खडी फोडत होती, नाला बांध घालत होती, रस्ते करत होती. खाली तापलेला दगड, वर झाड नसलेलं आकाश. बायका पदर भिजवून मानेवर घेत, तोही जपून, कारण पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. रात्री त्यांच्या पाठी कुणी निववल्या असतील? दुसऱ्या सकाळी त्यांना पुन्हा त्याच दगडावर बसायचं होतं. त्या अनुभवातून, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या ध्यासातून, महाराष्ट्रात रोजगार हमी योजना रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये देशाचा ग्रामीण रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा त्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी काय काय असलं पाहिजे याची यादी दिली गेली: पिण्याचं सुरक्षित पाणी, प्रथमोपचाराची पेटी, आणि मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली. सावली हा शब्द कायद्यात पाहिला तेव्हा मला फार बरं वाटलं. कुणीतरी लिहिताना कातडीची आठवण ठेवली होती.

सव्वादोन हजार वर्षांच्या जवळपास मागे जाऊन पाहिलं तर सम्राट अशोकानेही आपल्या सातव्या स्तंभलेखात हेच सांगितलं आहे, की रस्त्याच्या कडेने मी वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. राजाने स्वतःच्या कामगिरीत सावलीची नोंद करावी, एवढी तिची किंमत होती. आज रस्तारुंदीत महाराष्ट्रातले कितीतरी जुने वड तुटले, आणि त्यांच्याखाली बसणारे चांभार, फळवाले, पंक्चरवाले, बसची वाट पाहणारी म्हातारी माणसं उघड्यावर आली. त्यांच्यासाठी कोरफडीच्या उपायांचं पुस्तक काढून काय होणार? चौकात उभ्या वाहतूक पोलिसाला, डोक्यावर घमेलं घेऊन स्लॅबवर चढणाऱ्या बाईला, दुपारी एक वाजता पार्सल घेऊन आपल्या दारात येणाऱ्या मुलाला लागणारं पहिलं औषध सावलीच आहे, आणि ती त्यांना स्वतःच्या पैशांनी विकत घेता येत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते.

देणं अवघड नाही. घराचं बांधकाम काढलं असेल तर मे महिन्यात कामाची वेळ पहाटे सहाची ठेवावी, दुपारची सुट्टी लांब द्यावी आणि मजुरी कापू नये. कामावर एक ताडपत्री बांधावी, तिच्याखाली माठ ठेवावा. शेतात खुरपणीला बायका असतील तर बांधावर एक तरी कडुनिंब वाढू द्यावा. पिकाच्या दोन ओळी कमी आल्या तरी चालतील. सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या खुर्चीवर छप्पर घालावं. शाळेचं संमेलन, सत्कार, सभा मोकळ्या मैदानात भर दुपारी ठेवू नये. ठेवायचीच तर मंचाएवढाच मांडव समोर बसलेल्यांवरही घालावा. रस्त्याच्या रुंदीसाठी झाड तोडायचा ठराव ग्रामसभेत आला, तर त्या झाडाखाली कोण बसतं हे उठून विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत बसू नये. आणि संध्याकाळी घरी परतलेल्या आपल्या माणसाच्या मानेवर तळहाताची मागची बाजू एकदा टेकवून पाहावी. तिथे ऊब लागली तर गार पाण्याची पट्टी आज ठेवावी, आणि उद्याच्या सावलीची सोय आजच करावी.